दोघांनी उचलायची उखळी

मी एक जुनी दगडी उखळी आहे आणि आत्ता माझ्या पोटात पावसाचं पाणी साचलं आहे. मित्रांनो, त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत आहेत. वाकून पाहिलंत तर तुम्हालाही दिसतील. दुसऱ्या एखाद्या भांड्याला याचं काही वाटलं नसतं. मला वाटतं. डास, गोमाश्या आणि गोचीड यांना माणसांपासून आणि जनावरांपासून लांब ठेवणं, हेच माझं आयुष्यभराचं काम होतं. आता डास माझ्यातच जन्माला येतात.

हे कसं झालं ते सांगते. सांगण्यासारखं गोड फार नाही. पण तुम्ही ऐका.

येडशीच्या बाजूला एका माळावर काळा दगड निघायचा. तिथं महांतप्पा नावाच्या वडारानं मला घडवलं. तो छिन्नी चालवायचा आणि त्याची बायको लक्ष्मम्मा पाणी ओतून, वाळू टाकून माझं पोट गुळगुळीत करायची. मग गाढवावर लादून त्यांनी मला ईटच्या बाजारात आणलं. बाजारात लोक यायचे, मला पायानं ढकलून बघायचे आणि पुढं जायचे. मी फार जड होते.

एका बाजारी चांगुणा आली. काळीसावळी, अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. तिनं मला ढकललं नाही. लक्ष्मम्माकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, माझ्या पोटात ओतलं आणि उकिडवी बसून राहिली. पाणी खाली झिरपतं का, कुठं बारीक चीर आहे का, हे ती बघत होती. तिचा नवरा श्रीपती शेजारी उभा राहून कंटाळला.

"अगं, दगडच न्यायचा तर रानात काय कमी हायेत?" तो म्हणाला.

"रानातल्या दगडाला पोट न्हाय," चांगुणा म्हणाली. "धरा तिकडनं."

श्रीपतीनं एकट्यानं उचलायचा प्रयत्न केला. मी हलले नाही. बाजारातली माणसं हसली. मग चांगुणानं एक बाजू धरली, श्रीपतीनं दुसरी धरली आणि मी जमिनीवरून उठले. पोत्यात बांधून, बांबूला अडकवून, दोघांच्या खांद्यावर मी गावाला आले. वाटेत श्रीपती सारखा म्हणत होता, "ही बाई दोघांशिवाय हलायची न्हाय." चांगुणा म्हणाली, "बरं हाय की. म्हंजे मला टाकून कुठं जायचं न्हाय तुमाला."

गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

श्रीपतीचं घर गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात होतं. त्याच्या बापानं छप्पनच्या पुढच्या साली धम्म घेतला होता. भिंतीवरचे जुने देव गेले आणि बुद्धाची तसबीर आली. घरानं बरंच काही सोडलं. गावानं मात्र काही सोडलं नव्हतं. विहिरीवर, हॉटेलात, देवळापुढच्या पारावर जे होतं ते तसंच होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

सुरुवातीला माझ्यात मिरच्या, शेंगदाणे, कारळं कुटलं जायचं. बाभळीचं आखूड मुसळ होतं. त्याचा आवाज साऱ्या वाड्यात जायचा. पावसाळा आला की चांगुणा आणखी एक काम काढायची. तिचं माहेर उमरग्याकडचं. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. कडुलिंबाचा कोवळा पाला, लसूण, थोडी हळद आणि मीठ माझ्यात घालून ती कुटायची. जनावर कडू खात नाही म्हणून त्यात गूळ घालायची. मग त्याचा लिंबाएवढा गोळा वळायची आणि जनावराला चारायची. गोळा खाल्लेल्या जनावराच्या अंगाला म्हणे वेगळाच वास येतो आणि माश्या कमी बसतात. माणसांसाठी ती निर्गुडीचा पाला वाटून करंजाच्या तेलात कालवायची आणि हातापायाला चोळायची. उरलेला चोथा दारातल्या कुत्र्याच्या कानामागं लावायची. कुत्रं पळून जायचं आणि ती त्याला शिव्या देत मागं धावायची.

गोळ्याचा गुण पाल्यात होता, लसणात होता, की चांगुणा रोज सकाळी जनावराच्या अंगावरून हात फिरवून एकेक गोचीड वेचायची त्यात होता, हे मला माहीत नाही. मी दगड आहे. मी कुटायचं काम केलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

पुढच्या उन्हाळ्यात तलावाच्या कामाशेजारी जनावरांची छावणी पडली. श्रीपतीला तिथं वैरण वाटायचं काम मिळालं. चांगुणा त्याच्याबरोबर गेली आणि तिच्या हट्टामुळं मीही बैलगाडीतून गेले. श्रीपती म्हणाला होता, "तिथं पोटाला न्हाय आन् तू उखळी घिऊन निघालीस." ती म्हणाली होती, "जनावरं दाटीनं बांधल्यात. माश्या बघितल्या का तुमी?"

तिचं खरं होतं. छावणीत शेकडो जनावरं एकमेकांना लागून उभी होती. शेणाचे ढीग साठले होते. गोमाश्या अशा चावायच्या की बैल खुंटा उपटायचे. जनावरांच्या अंगात रक्त आधीच कमी, त्यात कानात, कासेत, शेपटीखाली गोचीड भरलेले. त्या साली गावशिवारात हिरवा म्हणून एक लिंबच उरला होता. चांगुणा पाला आणायची, बाजारात कुणी घेत नाही असला बारका लसूण आणायची आणि मी दिवसभर वाजत राहायचे.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग बब्रुवान आला. तो गावातला मोठा शेतकरी. त्याची खिलारी जोडी छावणीत होती आणि त्यातला एक बैल माश्यांनी वेडा होऊन माणसाच्या अंगावर जायला लागला होता.

"चांगुणा, त्ये काय कुटतीस त्ये माझ्या बैलालाबी दे की," तो म्हणाला.

"द्येते की अण्णा. पर तुमचा बैल माझ्या हातचं खाईल का?" तिनं विचारलं.

आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. बब्रुवान हसला आणि म्हणाला, "बैलाला काय कळतंय."

बैलानं तिच्या तळहातावरचा गोळा जिभेनं उचलून खाल्ला आणि हातही चाटला. तिनं त्याचं अंग वेचून काढलं. आठवडाभरात बैल शांत उभा राहायला लागला. मग सगळेच यायला लागले. कुणी पळसाचं पान घेऊन यायचं, कुणी फाटक्या पोत्याचा तुकडा. पान जमिनीवर ठेवायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. चांगुणा वरून गोळा टाकायची. मग ते पान उचलून न्यायचे. बैल तिच्या हातातून खायचा आणि बैलाचा मालक तिच्या हातातून घ्यायचा नाही. रोज संध्याकाळी ती श्रीपतीला सांगायची, "बैलाला इटाळ न्हाय बघा. ह्यो एक शाणा." आणि हसायची. तेव्हा तिला हसता येत होतं.

मित्रांनो, माझं सर्वांत जास्त कौतुक झालं ते त्या उन्हाळ्यात. तालुक्याहून आलेल्या एका साहेबानं वाकून मला पाहिलं. लोक म्हणायचे, ही उखळी हाय म्हणून जनावरं हायेत. मला ते खरं वाटलं. कौतुक करणारा किती अंतरावर उभा आहे, ते मी तेव्हा बघितलं नाही.

छावणीत बब्रुवानची एक गाय व्याली आणि मेली. पांढरी कालवड मागं राहिली, उभीही राहत नव्हती. बब्रुवान म्हणाला, "घे चांगुणा, जगली तर तुझी." चांगुणानं तिला चिंधीनं दूध पाजलं, मांडीवर घेऊन गोचीड वेचले. तिला स्वतःला मूल नव्हतं. कालवड जगली. तिचं नाव ढवळी ठेवलं. दुष्काळ सरला तेव्हा आम्ही सगळे घरी आलो, मी गाडीत आणि ढवळी गाडीमागं.

काही वर्षांनी ढवळी व्याली. त्याच सुमाराला गावात दूध संस्था निघाली. बब्रुवान तिचा चेअरमन झाला. रस्त्याकडेच्या खोलीत मोठे ॲल्युमिनियमचे डबे आले. सकाळ-संध्याकाळ लोकांनी दूध न्यायचं, मापावर बसवलेल्या गोरोबानं मापून घ्यायचं आणि सगळ्यांचं दूध एकाच डब्यात ओतायचं. ट्रक येऊन डबे घेऊन जायचा. सभेत सांगितलं होतं, संस्था सगळ्यांची आहे, ज्याच्या दारात जनावर आहे त्यानं यावं.

चांगुणानं ते मनावर घेतलं. तिच्या घरचं दूध गावात कुणी कधी विकत घेतलं नव्हतं. ती माझ्याशेजारी बसून दुधाची चरवी घासत होती आणि श्रीपतीला सांगत होती, "माझं दूध डब्यात पडलं, की त्ये कुणाचं त्ये कुणाला सांगता यायचं न्हाय. चेअरमनच्या बायकूचं, बानूबाईचं आन् माझं एकच हुईल. मला तेवढंच बघायचं हाय."

"आन् न्हाय घेतलं तर?" श्रीपतीनं विचारलं.

"का न्हाय घेतील? सभेत काय खोटं सांगितलं का?"

ती भरली चरवी घेऊन गेली आणि भरली चरवी घेऊन परत आली. मी अंगणात होते. तिचा चेहरा पडलेला नव्हता. उलट ती स्वतःवरच चिडलेली होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "गोरोबाभाऊ म्हणला, दुधाला लसणाचा वास येतोय. खरं हाय त्येचं. धार काढायच्या आदी ढवळीला गोळा देते ना म्या. त्यो दुधात उतरत असंल."

धारेच्या वेळेला, दिवस मावळताना, माश्या फार चावतात. जनावर पाय झाडतं, चरवी सांडते. म्हणून सगळेच धारेच्या आधी गोळा देत होते. गोरोबाचं कारण तिला पटलं. तिनं वेळ बदलली. सकाळची धार काढून झाल्यावर गोळा द्यायला लागली आणि संध्याकाळी तसाच पाय झाडणाऱ्या गाईखाली बसायला लागली. पुन्हा चरवी घेऊन गेली. पुन्हा परत आली. वास येतो.

तिनं लसूण कमी केला. वास येतो. लसूण काढून नुसता पाला दिला. वास येतो. शेवटी तिनं ढवळीचा गोळाच बंद केला.

वाड्यातल्या शेजारच्या कोंडिबाची बायको बनाबाई तिला म्हणाली, "चांगुणे, तुला येडं लागलंय का? वास गाईला न्हाय, वाड्याला हाय."

"तू गप गं," चांगुणा म्हणाली. "सगळ्यावर वाकडंच बघायचं का? खाण्याचा वास दुधात उतरतोय, मला ठाव हाय."

हे तिला ठाऊक होतं म्हणूनच ती फसली. गोरोबानं दुसरं कुठलं कारण दिलं असतं, तर तिनं तिथंच भांडण केलं असतं. पण हे कारण तिच्या स्वतःच्या कामातलं होतं. तिला ते खरं वाटलं. ती रोज सकाळी चरवी राखेनं घासायची, कास धुवायची, स्वतःचे हात हुंगून बघायची. नाक लावून लावून दूध तपासायची. परत आलेलं दूध वाड्यातली लेकरं प्यायची. "लेकरं तरी गुबगुबीत झाली," असं ती म्हणायची. पण आता हसायची नाही.

आणि या सगळ्या दिवसांत मी रिकामी होते असं समजू नका. माझ्यात रोज गोळे कुटले जात होते. बब्रुवानच्या गोठ्यासाठी, गोरोबाच्या म्हशीसाठी, आणखी दहा घरांसाठी. लोक पान घेऊन यायचे, पान खाली ठेवायचे, मागं सरायचे. ढवळी मला दिसेल अशी बांधलेली होती. लसणाचा वास आला की ती मान लांब करायची आणि चांगुणा तिला म्हणायची, "थांब माय. एकदा तुझं दूध डब्यात पडू दे."

त्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. दुष्काळात ज्यांनी डोक्यावर माती वाहिली त्यांचा तलाव काठोकाठ भरला. गवत वाढलं आणि गवताबरोबर गोचीडही वाढले. चांगुणा वेचायची, पण सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या वाटेवर जात होती, कामाला जात होती, हात पुरत नव्हते. ढवळीच्या कानात गोचिडांचे घोस लागले. तिनं खाणं कमी केलं.

तशातच एक दिवस दुपारी बब्रुवान स्वतः गोळा न्यायला आला. हातात पळसाचं पान होतं. त्यानं ते माझ्यापासून थोडं लांब ठेवलं.

चांगुणा मुसळ थांबवून म्हणाली, "अण्णा, एक इचारू?"

"इचार की."

"ढवळीच्या तोंडाला म्हैना झाला लसूण न्हाय. पालाबी न्हाय. तुमच्या गोठ्यात रोज धारेच्या आदी माझा गोळा जातोय. तुमच्या दुधाला वास येत न्हाय आन् माझ्याच दुधाला येतोय. त्यो कशाचा?"

बब्रुवाननं इकडं तिकडं पाहिलं. अंगणात श्रीपती होता, त्यानं वैरण तोडणं थांबवलं.

"चांगुणा, तू शाणी हायेस," बब्रुवान हळू म्हणाला. "मला कशाला बोलाय लावतीस? तुझं दूध डब्यात वतलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं गाव दूध घालायचं न्हाय. आमच्या घरात बानूबाईच न्हाय म्हणती. संस्था उभी ऱ्हायली पायजे का न्हाय?"

"मग तसं सांगायचं हुतं की!" तिचा आवाज वाड्याच्या टोकापर्यंत गेला. "वासाचं कशाला सांगितलं? तुमच्या लबाडीपायी म्या माझी गाय उघडी टाकली अण्णा. तुमच्याच गोठ्यातली हुती ती. तुमीच दिली हुती."

 बब्रुवाननं पान तिथंच राहू दिलं. त्याला गोळा हवा होता. मला वाटलं, चांगुणा आज देणार नाही. श्रीपतीलाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "दिऊ नगं."

तिनं गोळा वळला. नेहमीसारखा गोल, नेहमीएवढा. ती उठली, पानापाशी न थांबता पुढं गेली आणि बब्रुवानचा हात धरून गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. वर त्याची बोटं मिटवली.

"बैलाचा काय गुन्हा न्हाय," ती म्हणाली. "जावा."

तो गेला. फाटकापाशी त्यानं गोळा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात धोतराला पुसला. गोळा टाकला मात्र नाही.

त्या दिवसापासून चांगुणानं ढवळीला पुन्हा गोळा सुरू केला. पण गाईला एव्हाना ताप चढला होता. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली. गोचिडाचा ताप आहे, उशीर झालाय, असं ते म्हणाले. ढवळी भादव्यात मेली. तिचं दूध एक थेंबही कधी संस्थेच्या डब्यात पडलं नाही.

गोठा रिकामा झाला तेव्हा घरातला धूरही बंद झाला. आधी दिवस मावळला की चांगुणा ढवळीसाठी वाळल्या लिंबाच्या पाल्याचा धूर करायची आणि तोच धूर घरभर फिरायचा. आता ती म्हणायची, "आपल्या दोघांसाठी कशाला." तेल चोळणंही राहिलं. दुसऱ्यांचे गोळे मात्र ती कुटत राहिली. श्रीपती चिडायचा. "त्येंच्या जनावरांसाठी तू मर," तो म्हणायचा. ती म्हणायची, "त्येंच्यासाठी न्हाय. हाताला काय तरी पायजे."

पुढच्या पावसाळ्यात तलाव पुन्हा भरला आणि हिवताप आला. वाड्यात घराघरात माणसं थंडीनं कुडकुडत होती. चांगुणाला ताप आला तेव्हा ती माझ्यातच पाला कुटत होती. मुसळ ठेवून ती आत गेली. दवाखान्यातला माणूस आला, बोटातून रक्त काढून काचेवर घेतलं, गोळ्या दिल्या. ताप उतरायचा आणि परत चढायचा. मित्रांनो, मी खरं तेच सांगते. पाल्यानं आणि लसणानं हिवताप थांबत नाही. धूर केला असता, तेल लावलं असतं, तरी तो कदाचित आला असता. पण धूर केला नव्हता, एवढं खरं आहे. श्रीपती पुढं तेच सारखं बोलत बसायचा.

तिला अन्न जाईना. बनाबाई म्हणाली, दूध दे. घरात दूध नव्हतं. श्रीपती तीच चरवी घेऊन संस्थेत गेला. संस्थेतून गावातल्या माणसाला दूध मिळायचं. गोरोबानं डब्यातलं दूध माप भरून घेतलं आणि वरून, हात उंच करून, श्रीपतीच्या चरवीत धार सोडली. थोडं बाहेर सांडलं.

अंगणात चूल मांडून श्रीपतीनं दूध तापवलं. त्या दिवशी उन्हं पडली होती म्हणून चांगुणाला बाहेर घोंगडीवर निजवलं होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यानं तिला उठवून वाटी तोंडाला लावली. तिनं एक घोट घेतला आणि थांबली. वाटी नाकाशी नेली.

"काय झालं? नासलंय का?" श्रीपती घाबरून म्हणाला.

"वास येतोय," ती म्हणाली.

"कशाचा?"

"लसणाचा." ती हसायला लागली. फार दिवसांनी हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. "अवं, माझा गोळा हाय ह्यात. साऱ्या गावच्या गाईम्हशींनी खाल्लेला. गेलाच की डब्यात."

 श्रीपतीनं वाटी तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली. ती म्हणाली, "आणा इकडं. माझंच हाय ते," आणि तिनं ती सगळी पिऊन टाकली.

ताप तिच्या डोक्यात गेला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती गेली. वाडा जमला. गावातून बब्रुवान आला होता, रस्त्यावर उभा होता. तेवढ्याच अंतरावर, जेवढ्या अंतरावर पूर्वी पान ठेवून उभा राहायचा.

पंधरा दिवस झाले असतील नसतील, बानूबाई आली. बब्रुवानची बायको आमच्या अंगणात पहिल्यांदा आली. तिनं पदर सावरला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "श्रीपती, वाईट झालं बाबा. लई गुणाची हुती चांगुणा. एक इचारायचं हुतं. माश्या लई झाल्यात. ती गोळ्यात काय काय घालायची रे?"

श्रीपती माझ्या काठावर हात ठेवून बसला होता. 

"लिंब हाय, लसूण हाय, गूळ हाय," तो म्हणाला. "हळद, मीठ हाय. काय लपवायचं हाय त्यात, वैनी? पर किती घालायचं त्ये तिच्या हाताला ठाव हुतं. म्या रोज शेजारी बसलो. कदी इचारलं न्हाय."

"मग तू करून तरी बघ."

"माझ्या हातचं चालंल का?" त्यानं विचारलं.

बानूबाई म्हणाली, "अरं, जनावरासाठीच तर हाय." मग तिलाच काहीतरी कळलं असावं. ती पदर तोंडाला लावून निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं, मला दिसलं नाही. श्रीपतीनं पाहिलं असेल तर त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्यात कुणी काही कुटलं नाही. मुसळ गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं, मग वाळवीनं खाल्लं. गावात गोचीड मारायच्या पावडरीचे डबे मिळायला लागले आणि लोक चांगुणाचा गोळा विसरले. संस्था चालू आहे. डबे आता मोठे आहेत. वाड्यातलं दूध घेतात की नाही, मला माहीत नाही. वाड्यात आता कुणी गाय ठेवत नाही.

श्रीपती मला जागेवरून हलवत नाही, हलवू शकत नाही. पाऊस पडला की मी भरते. पहिल्या वर्षी तो तांब्यानं पाणी उपसायचा. आता त्याची कंबर वाकत नाही. परवा त्यानं माझ्यात पाहिलं, अळ्या पाहिल्या आणि उभ्याउभ्या मला शिवी दिली. मग बसून त्यानं एका बाजूनं दोन्ही हात लावले आणि मला पालथी घालायला जोर केला. मी थोडी उचलली गेले. पाणी काठापर्यंत आलं. पण दुसऱ्या बाजूला धरायला कुणी नव्हतं. मी परत खाली बसले आणि पाणी परत माझ्या पोटात गेलं. तो धापा टाकत तिथंच बसला. म्हणाला, "चांगुणा, धर की तिकडनं." मग त्याच्या लक्षात आलं.

मित्रांनो, तुमच्या अंगणात एखादी फुटकी बादली असेल, जुना रांजण असेल, माझ्यासारखा एखादा दगड असेल, तर त्यात पाणी साचू देऊ नका. त्या पाण्यातून डास येतात आणि डासांतून ताप येतो. तो ताप वाडा आणि गाव असं काही बघत नाही. तुमच्या दारातल्या जनावराचे कान रोज तपासा. औषध पाल्याचं असो नाहीतर डब्यातलं, ते ज्याच्या हातून घेता त्याच्या जवळ जाऊन घ्या. पान जमिनीवर ठेवून मागं सरू नका.

आणि या वाटेनं कधी आलात तर बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरी या. श्रीपती अंगणात बसलेला असेल. तो तुम्हाला काही मागणार नाही. तुम्ही फक्त माझी एक बाजू धरा, दुसरी तो धरेल. मला पालथी घाला. एवढं पाणी जाऊ दे.